केडगावचा हिशेब

भुसावळहून वरणगावच्या दिशेने महामार्गानं निघालं की फेकरीच्या आसपास दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत माझं बालपण गेलं. बाबा केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. घरातल्या बोलण्यात 'लोड', 'ट्रिप', 'डिस्पॅच' हे शब्द मीठ-मिरचीसारखे असायचे. रात्री-अपरात्री फोन वाजला की आई न विचारता चहाचं आधण ठेवायची. बाबा एकदा म्हणाले होते, "आमच्या हातात वाफ असते रे, मागणी नसते." राज्यात किती वीज लागणार हे दीपनगर ठरवत नाही. कोणत्या केंद्रानं किती निर्मिती करायची ते कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून सांगितलं जातं, आणि सगळ्या ग्रिडची वारंवारता पन्नास हर्ट्झच्या जवळ राहावी म्हणून देशभरातली शेकडो यंत्रं एकमेकांशी जुळवून फिरत असतात. आपल्या केंद्रापुरतं जे आहे ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं.

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, आणि त्या धंद्यात 'जे मोजता येतं ते ताब्यात ठेवता येतं' ही समजूत अंगात भिनते. बाबांच्या मूत्रपिंडांचा आजार निघाला तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, तर एक स्प्रेडशीट उघडली. क्रिएटिनिन, रक्तदाब, साखर, पाण्याचं प्रमाण. रोजचे आकडे, त्यांचे आलेख. पुण्यातून रात्री दोन वाजता मी तो आलेख बघत बसायचो, जणू मी बघितल्यानं रेघ खाली येणार होती.

आजी भुसावळच्या रेल्वे कामगारांच्या ख्रिस्ती कुटुंबातली. ती एका सुट्टीत माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "बापू, आता प्रभूवर सोडून दे."

मला राग आला. सोडून दे म्हणजे काय? आकडे बघायचे नाहीत? डॉक्टर बदलायचा नाही? लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं हे वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा बेजबाबदार वाटलं. मी तसं बोललोही. आजी काही म्हणाली नाही. तिच्या उशाशी बायबलखाली एक पातळ पुस्तक असायचं, पंडिता रमाबाईंनी सांगितलेली त्यांच्या श्रद्धेची साक्ष. ते तिनं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि ती झोपायला गेली.

पुढचे काही महिने मी रमाबाई वाचत राहिलो. त्या वाचनातून माझ्या प्रश्नाचं जे झालं ते इथे मांडतो आहे.

*

शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई बहुतेकांना माहीत असतात. १८५८ साली जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचं अफाट पाठांतर, कलकत्त्यात मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, दोन वर्षांत आलेलं वैधव्य, पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज, मग इंग्लंड आणि १८८३ साली वाँटेजला बाप्तिस्मा. एवढ्यावर बहुधा गोष्ट संपते, किंवा धर्मांतराच्या वादात अडकते.

माझं लक्ष अडकलं ते त्याच्या आधीच्या एका घटनेत. दुष्काळाच्या अनुभवांबद्दल रमाबाईंनी १८९७ साली लिहिलं. त्यात त्या आपल्या सोळाव्या वर्षाकडे, १८७४ सालाकडे परत जातात. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडलेला. डोंगरे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत जगणारं. जवळचं द्रव्य त्यांनी दानधर्मात, अनुष्ठानांत, ब्राह्मणभोजनांत खर्च केलं. देव प्रसन्न होईल आणि गेलेलं सगळं परत देईल ही श्रद्धा होती. उपास केले, जप केले, मूर्तींना प्रदक्षिणा घातल्या. अंगमेहनतीचं काम करणं हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. विद्या होती, पण भाकरी मिळवण्याची कला कुणालाच शिकवलेली नव्हती. भांडीकुंडी, दागिने, वस्त्रं विकून झाली. मग हे कुटुंब तिरुपतीच्या परिसरातल्या रानात मरायला गेलं. झाडपाला खाऊन दिवस काढले. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधीचा विचार केला, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो आणि मोलमजुरी करून तुम्हाला पोसतो. पण उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोन भावंडं पुढे काही वर्षं पायी देश तुडवत राहिली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचायला त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून रात्र काढली, असं त्या सांगतात.

हे वाचून मी थांबलो. कारण 'देवावर सोडून देणं' हे या बाईनं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तिनं ते तीन प्रेतांच्या किमतीत बघितलं होतं. आजीवर मी जी शंका घेतली होती, तिचं सगळ्यात जळजळीत उदाहरण रमाबाईंच्या स्वतःच्या घरात घडलेलं होतं. अशी मुलगी मोठी होऊन पुन्हा तेच शब्द वापरू लागते, तेव्हा एक तर ती काही शिकलेली नाही, किंवा त्या शब्दांचा अर्थ तिच्या हातात बदलला आहे.

*

दुसरी अडचण अशी की रमाबाई स्वभावानं शरण जाणाऱ्या नव्हत्याच. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपानं छापला गेला आहे. त्यात एक पंचविशी ओलांडलेली, परक्या देशात परक्यांच्या घरी राहणारी, पदरी लहान मुलगी असलेली विधवा इंग्लंडच्या चर्चशी जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर वाद घालते. मांसाहार करणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या लोकांना जशी लॅटिन कळत नाही तशी ती मलाही जवळची नाही, संस्कृत का नको? त्रैक्याचा सिद्धांत पटल्याशिवाय मान्य करणार नाही. चेल्टनहॅमला तरुण मुलग्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा माझ्या देशात मी पुरुषांच्या सभांपुढे बोलले आहे, मग इथे काय बिघडतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून दुसऱ्या पुरोहितांच्या हाती सदसद्विवेक द्यायला त्या तयार नव्हत्या.

मायदेशी आल्यावरही तेच. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर अशी माणसं होती. मुलींवर धर्म लादायचा नाही ही अट रमाबाईंनी मान्य केली होती. पण आपल्या खोलीचं दार बंद करून प्रार्थना करायलाही त्या तयार नव्हत्या, आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. वाद पेटला. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

गंमत अशी की याच काळाबद्दल त्या साक्षीत लिहितात की तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्मा घेऊन आठेक वर्षं झाल्यावर त्यांना हे उमगलं. डोक्यानं पटलेला धर्म आणि ज्याच्यावर सगळा भार टाकावा असा कुणी, यात त्यांनी फरक केला.

मला यातून एक गोष्ट दिसली. बिशप, सिस्टर, सुधारक, सनातनी, पुढे सरकार, यांपैकी कुणापुढेही ही बाई वाकली नाही, त्याच बाईनं शरणागतीची भाषा सगळ्यात मनापासून वापरली. या दोन गोष्टी मला आधी विसंगत वाटल्या होत्या. आता वाटतं की पहिली दुसरीमुळे शक्य झाली. अखेरचा शब्द ज्याचा आहे असं आपण मानतो तो एकच असेल, तर बाकीच्यांना 'नाही' म्हणणं सोपं जातं.

*

आता पैशाकडे येतो, कारण विश्वासाची परीक्षा तिथेच होते.

शारदा सदनला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांची मदत कबूल केली होती. ती मुदत १८९८च्या सुमारास संपणार होती. रमाबाईंनी काय केलं? पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडं लावली. मुदत संपेपर्यंत झाडं फळाला येतील आणि त्या उत्पन्नावर शाळा चालेल, असा साधा, शहाणा हिशेब. कुठल्याही इंजिनियरला पटावा असा.

याच वर्षांत त्यांनी तीन पुस्तकं वाचली, त्यांचा उल्लेख साक्षीत आहे: चीनमधल्या हडसन टेलर यांच्या मिशनचा इतिहास, न्यू हेब्रिडीजमधल्या जॉन पेटन यांचं चरित्र, आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे अनुभव. म्यूलर १८०५ साली प्रशियात जन्मलेला माणूस. त्यानं ब्रिस्टलमध्ये अनाथगृहं काढली आणि ठरवलं की पैसा कुणा माणसाकडे मागायचा नाही, फक्त प्रार्थनेत मागायचा. १८७०पर्यंत पाच मोठ्या इमारतींत दोन हजार मुलांची सोय झाली होती. रमाबाईंना प्रश्न पडला की तिकडे जमतं ते हिंदुस्थानात जमेल का.

म्यूलरबद्दल एक गोष्ट भाविक मंडळी सांगताना गाळतात. तो माणूस हिशेबाचा पक्का होता. किती आले, कशावर खर्च झाले, याचे अहवाल तो वर्षानुवर्षं छापत होता. मागत नव्हता, पण सांगत होता. संशयी वाचक म्हणेल की छापील अहवाल हेही मागणंच झालं. त्यात तथ्य आहे, आणि केडगावलाही ते लागू पडतं; रमाबाईसुद्धा कामाची माहिती छापून परदेशातल्या मित्रांना पाठवत होत्या. मला मात्र त्यात लबाडी दिसत नाही. हिशेब उघडा ठेवायचा आणि पुढचा आकडा आपल्या हातात नाही हे मान्य करायचं, या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात. माझ्या स्प्रेडशीटमध्ये पहिली होती, दुसरी नव्हती.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाईंना १८७४ आठवलं, आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत-छावण्यांत आणि गरीबगृहांत उपाशी मुलींचं काय होतं, कोण त्यांना उचलून नेतं, हे त्यांनी बघितलं. शारदा सदनात जागा मोजकी, हाताशी पैसा थोडा, फळबाग अजून उत्पन्नाला आलेली नाही. तरी त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या.

इथे दीपनगरच्या माणसाला रेल्वेचा नकाशा आठवतो. जबलपूर-खंडव्याकडून येणारी गाडी असो की नागपूरकडून येणारी, पुण्याकडे जाणारी वाट भुसावळ जंक्शनवरूनच. म्हणजे त्या हाडांचे सापळे झालेल्या मुली माझ्या गावाशेजारून गेल्या असणार. भुसावळच्या फलाटावर त्यांना कुणी पाणी दिलं असेल का, असा विचार आता तिथे गाडीची वाट बघताना हमखास मनात येतो.

पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, नव्या मुलींना शहरात ठेवणं अवघड झालं. म्हणून केडगावच्या त्या फळबागेच्या जमिनीवर छपरं पडली. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन आसऱ्याची झाली. १८९८ साली तिथे 'मुक्ती' उभी राहिली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही बायकामुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मूळ योजना काय होती आणि झालं काय! रमाबाईंनी योजना केली होती, ती मोडली, आणि मोडलेल्या योजनेच्या जागी समोर जे आलं ते त्यांनी घेतलं. सोडून देणं म्हणतात ते मला इथे प्रत्यक्ष दिसतं. त्यांनी सोडला तो आपल्या योजनेवरचा हक्क. काम कुठेच सोडलं नाही.

उलट काम वाढलं. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, छापखाना. ज्या घरात मोलमजुरी अशक्य मानली गेली म्हणून माणसं मेली, त्या घरातल्या मुलीनं उभारलेल्या वस्तीत प्रत्येकीच्या हाताला काम होतं. वडिलांच्या आणि मुलीच्या शरणागतीत श्रद्धेची तीव्रता कमी-जास्त होती असं मला म्हणवत नाही. वडील तळमळून देवाला हाक मारत होते. फरक हातांत होता.

आणि प्रार्थना करणारी ही बाई गप्पही बसली नाही. १८९७ सालीच प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध तिनं 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला.

*

इथवर गोष्ट सुंदर आहे. पण एकानं देवावर भार टाकला की त्याचा काही भाग शेजारच्या माणसाच्या खांद्यावर येतो, हेही बघायला हवं. त्यासाठी महाराष्ट्राला लक्ष्मीबाई टिळकांइतका खरा साक्षीदार दुसरा नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. उद्याची चिंता न करणं हे त्यांच्या बाबतीत उपदेशापुरतं नव्हतं; हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन ते घरी यायचे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली, संन्यस्त वृत्ती घेतली आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. १९१९ साली ते गेले. 'स्मृतिचित्रे' वाचताना या निश्चिंतीची दुसरी बाजू कळते. टिळक निश्चिंत असायचे, कारण पीठ आहे की नाही हे लक्ष्मीबाई बघत होत्या. त्या हे हसत हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. पण डबा रिकामा असायचा तो खराच. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन'ही पुढे त्यांनीच पुरं केलं. माझ्या घरात हे काम कोण करत होतं ते मला तेव्हा आठवलं. मी आलेख बघत होतो आणि बाबांचं पथ्याचं जेवण आई रोज मोजून करत होती. तिला कुणी 'सोडून दे' म्हटलं नव्हतं, आणि तिनं सोडलं असतं तर चाललंही नसतं.

केडगावलाही हा प्रश्न आहे. दुष्काळातून आलेली आठ-दहा वर्षांची मुलगी जेव्हा प्रार्थनेला बसली, तेव्हा तिची शरणागती किती तिची आणि किती भुकेची? रमाबाईंनी बिशपांना ज्या सदसद्विवेकाचा दाखला दिला, तो या मुलींना किती मिळाला? मुक्तीबद्दल कितीही आदर असला तरी हे विचारायला हवं, आणि रमाबाईंच्या स्वभावाच्या माणसानं ते विचारलं असतं असं मला वाटतं.

आणि मनोरमा. आईबरोबर लहानपणीच इंग्लंडला गेलेली, पुढे तिकडे शिकून परतलेली, आणि सगळं आयुष्य आईच्या कामात घातलेली मुलगी. रमाबाईंच्या मागे मुक्ती तीच चालवणार, हे ठरल्यासारखं होतं. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती गेली. इथेही योजना मोडली, आणि या वेळी तिच्या जागी काही आलं नाही.

रमाबाईंकडे त्या वेळी एक काम शिल्लक होतं. अनेक वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचं भाषांतर करत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत. ते केडगावच्या छापखान्यातच छापलं जात होतं, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. मुलगी गेल्यावर रमाबाई आणखी साडेआठ महिन्यांच्या आसपास जगल्या आणि काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. ते त्यांनी बघितलं नाही.

*

शुभवर्तमानात गेथशेमाने बागेतला प्रसंग आहे. पकडलं जाण्याच्या आदल्या घटकेला येशू प्रार्थना करतो. चर्चमध्ये आम्हाला त्या प्रार्थनेचा शेवट शिकवला जायचा: माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, या अर्थाचा. रमाबाई वाचून झाल्यावर मी तो भाग पुन्हा काढला आणि पहिल्यांदा सुरुवात वाचली. आधी तो मागतो. हे टळावं असं स्पष्ट म्हणतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. घाम गाळत. मग सोडतो. म्हणजे इच्छा असणं, तिच्यासाठी धडपडणं, हे शरणागतीच्या विरुद्ध नाही. ते झाल्याशिवाय सोडायला हातात काही असतच नाही.

बाबांचं आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. स्प्रेडशीट मी बंद केलेली नाही. डॉक्टरांना ती उपयोगी पडते. रात्री दोन वाजता उघडत नाही एवढंच, तेही रोज जमतं असं नाही. आजीला मी एकदा विचारलं की रमाबाईंचं पुस्तक तू मला का दिलंस. तिला तो दिवसच आठवत नव्हता. "तू चिडला होतास म्हणून दिलं असेल," ती म्हणाली, आणि बाबांच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून उठली.